रतनगड: सोनकी झकास, शिड्यांचं मात्र कुणी बोललं नव्हतं

‘सप्टेंबर संपता संपता जा, सोनकीच्या रानफुलांनी अख्खा गड पिवळाधमक असतो आणि वाट म्हणजे नुसती बैलगाडीची,’ असं ज्याने सांगितलं तो बहुधा मार्चमध्ये गेला असावा. मार्चमध्ये मीही गेलोय. निष्पर्ण पांगारा, काटेसावर, कोरडी वाट, दुपारी बाराला खाली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता सप्टेंबरअखेरचं ऐका. पायथ्याच्या रतनवाडीतून ओढा ओलांडत पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरच्या, जंगलापर्यंत ठीक. पुढे कारवीच्या झुडपांच्या रानातला चढ म्हणजे लोण्यावर पाय. कारवी सात वर्षांनी फुलते. यंदा तिचा उपयोग धरायला. मग लोखंडी शिड्या, ओल्या, त्यावर पुढच्यांच्या बुटांचा चिखल. मी शहाण्याने ट्रायपॉड सॅकला आडवा बांधलेला. तो कठड्यात अडकला. ना वर ना खाली, आणि खालून ‘ओ दादा, चला की!’ एक पायरी खाली आलो, एका हाताने पट्टा सोडला, तेव्हा कुठे सुटलो. हात वर पोचेपर्यंत थरथरत होते.

तर ट्रायपॉड घरी ठेवा. वाऱ्यात फूल हलतंच, ट्रायपॉड काय करणार? आयएसओ 800 आणि शटर 1/250 सेकंदावर हातात धरून माझं काम झालं. शनिवार-रविवार अजिबात नको. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर, माझा तास तिथेच गेला. आणि येताना गाडीतला एसी बंद ठेवा. गार कॅमेरा दमट हवेत काढला की काच धुरकटते, पुसून पुसून रुमाल ओला होतो.

गणेश दरवाज्यातून वर गेल्यावर दोन तास नुसतं धुकं. चिडून डबा उघडला आणि पडदा सरकला. नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, सोनकीच सोनकी! पालथा पडलो. एका फुलाच्या पाकळीला थेंब लटकलेला, मधल्या चकतीवर भिजलेली माशी पंख आखडून बसलेली. वीस मिनिटांत पुन्हा पांढरं सगळं. तेवढ्यासाठी पुन्हा जाईन, शिड्यांसकट.

गालिच्याच्या मधोमध बसून फोटो काढणाऱ्यांनी मात्र येऊच नका. सोनकी दिसते तरी. तिच्या पायथ्याशी गेंद आणि कवला ही बुटकी रानफुलं असतात, ती बुटाखाली गेलेली कळतही नाहीत. कडेने पालथं पडा, फोटोही तिथूनच चांगला येतो.

उतरताना शिडीकडे तोंड, कॅमेरा सॅकमध्ये, गळ्यात नाही. माझ्या लेन्सच्या हुडला पोचा पडलाय.