सांगाडा धड होता

"मॅडम, एवढा खर्च केलात, त्यात नवी गाडी आली नसती का?"

हा प्रश्न मला कॉलेजात विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्यानंही विचारलाय. आमची गाडी १९८८ची अ‍ॅम्बॅसॅडर, मार्क फोर. २०१६मध्ये तिचं मूळ इंजिन उतरवून मी इसुझु या जपानी कंपनीचं १८०० सीसीचं इंजिन बसवून घेतलं. तेव्हापासून आठवड्याचे सहा दिवस सोलापूर ते तुळजापूर आणि परत, रोजचे नव्वदएक किलोमीटर, मी हीच गाडी चालवते. तुळजापूरला मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आजवर या प्रश्नाचं उत्तर उभ्याउभ्या दिलं आणि दरवेळी अर्धं राहिलं. तुम्ही परत विचारलंत, म्हणून आता बसून सांगते.

नवी नाही, पण सेकंडहँड छोटी गाडी त्या पैशात नक्की आली असती. तरी घेतली नाही, याचं पहिलं कारण पत्रा.

अ‍ॅम्बॅसॅडरला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. बॉडीचा सांगाडा हीच तिची चॅसिस. तो गंजला की गाडी संपली, मग आत कितीही चांगलं इंजिन ठेवा. कोकणातल्या, मुंबईतल्या किती तरी अ‍ॅम्बॅसॅडर अशाच गेल्या. सोलापूरची हवा कोरडी. उन्हानं आमच्या गाडीचा रंग उडाला, डॅशबोर्डला भेगा पडल्या, दरवाजांची रबरं कडक झाली, पण खालचा पत्रा वाजवला तर खणखणीत. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, अक्कलकोट रोडला यंत्रमाग होते. याच गाडीच्या डिकीतून चादरींचे गठ्ठे जायचे. मी इंजिनाचं काढलं तेव्हा घरात फक्त ते माझ्या बाजूनं बोलले. "मोटर जळाली म्हणून कुणी माग भंगारात देतं का? सांगाडा धड आहे ना?" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

मग जुन्या इंजिनालाच दुरुस्त का नाही केलं, हा पुढचा प्रश्न असतो. ते १४८९ सीसीचं इंजिन मूळ ब्रिटिश, पन्नासच्या दशकातलं. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर बसायचा आणि उशीसारखं काम करायचा. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी, पोरांच्या मेंदूसाठी ती फार मोठी गोष्ट झाली, त्यात वादच नाही. पण जुन्या बिडाच्या हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, मऊ सीटची उशी गेली. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, मिटत जातो. गॅप पूर्ण मिटला की व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. आमच्या गाडीचं टॅपेट सेटिंग दर दीड-दोन महिन्यांनी करावं लागायचं. सकाळी थंड इंजिनाला कॉम्प्रेशनच मिळायचं नाही, पहिल्या तासाला पोरं वर्गात बसलेली आणि मी अजून दारात सेल्फ मारतेय.

कडक सीट बसवून ते दुखणं बरं झालं असतं, हे मान्य. पण गिअर चारच राहिले असते. तुळजापूरचा रस्ता तेव्हा चौपदरी व्हायला लागला होता. मागून ऐंशीनं ट्रक यायचे आणि आमची गाडी पासष्टला अशी ओरडायची की शेजारी बसलेल्याशी बोलता यायचं नाही. मला गाडी पळवायची नव्हती. त्या रस्त्यावर इतरांच्या वेगात, जीव मुठीत न धरता जायचं होतं.

इंजिन कोणतं, यावर मात्र मी सहा महिने घालवले. गॅरेजमध्ये सल्ले भरपूर मिळतात. कुणी जीपचं डिझेल इंजिन सुचवलं, कुणी दुसऱ्याच कंपनीचं. बसतात तीही, बसवलेली मी पाहिली आहेत. मी इसुझुवर अडून राहिले, कारण मूळ कंपनीनं, हिंदुस्थान मोटर्सनं, स्वतः नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये हे इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह दिलं होतं. म्हणजे त्याचं माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, सगळं याच बॉडीसाठी कुणीतरी मोजून केलेलं. वेल्डिंग करून जमवाजमव करायची गरज नव्हती. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यात व्हॉल्व्ह सीट वेगळ्या, कडक धातूच्या, त्यामुळे शिशाचं दुखणं नाही. त्याचंच नंतरचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक्सच्या ताब्यात पेट्रोल फवारणारं, रूपही मिळत होतं. ते मी मुद्दाम टाळलं. त्याला वेगळं वायरिंग, सेन्सर, जादा दाबाचा पंप, टाकीपर्यंत परतीची नळी लागते, आणि वाटेत तामलवाडीजवळ एखादा सेन्सर गेला तर तिथे कुणाला हाक मारणार? कार्बोरेटर कुठल्याही गावात साफ करून मिळतो. रोजच्या गाडीला हा हिशोब मला जास्त महत्त्वाचा वाटला, आजही वाटतो.

टुरिस्ट टॅक्सी म्हणून चाललेली, बॉडी सडलेली, हेच इंजिन असलेली एक गाडी कागदपत्रांसकट मिळाली. सुटं इंजिन घेण्यापेक्षा अख्खी गाडी घेतली, हा माझा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. आमच्या मिस्त्रीचाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इंजिन बसवायला दोन दिवस मॅडम, बाकीचं बसवायला दोन महिने." चेन कप्पीला लटकवून जुनं इंजिन उतरवलं, नवीन चढवलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सुरूही झालं. पेढे वाटले. आणि मग खरोखरच दोन महिने गेले.

गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, त्या टुरिस्ट गाडीचा. त्याच्या सांध्यांचे क्रॉस नवे टाकले तरी साठच्या पुढे पायाखाली गुणगुण यायची. लेथवर नेऊन बॅलन्सिंग केलं तेव्हा ती थांबली. गिअरचा दांडा स्टेअरिंगवरून खाली जमिनीवर आला, म्हणून मधला पत्रा कापला आणि पुढचा सलग बाक जाऊन त्या गाडीच्या दोन सुट्या सीट आल्या. मागचा ॲक्सल डिफरन्शियलसकट, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मधल्या दातेरी चक्रांसकट, बदलला. जुन्या डिफरन्शियलचे दात कमी ताकदीच्या इंजिनासाठी होते, तेच ठेवले असते तर पाचव्या गिअरमध्येही इंजिन उगाच जास्त फिरलं असतं.

ब्रेकवर मी पैसे मोजताना हात आखडला नाही. वर्गात मी हे फळ्यावर लिहिते: साठचा वेग पंच्याऐंशी झाला की गतिज ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट नाही, दीडपटही नाही, पण ब्रेकला पचवायची ऊर्जा दुप्पट. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घालून तेवढ्यावर थांबणारी माणसं मला भेटली आहेत, आणि दर वेळी मी त्यांच्याशी भांडले आहे. त्या टुरिस्ट गाडीला पुढे डिस्क ब्रेक होते. ते बूस्टरसकट काढले, नवीन सील, नवीन पाइप, नवीन पॅड घालून बसवले.

स्पीडोमीटरचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते. आमचा काटा जुन्या गिअरबॉक्सच्या हिशोबाचा. मी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून ताडून पाहिलं: दगडांप्रमाणे दहा किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर अकराच्या वर गेले होते. म्हणजे वेगही खोटा आणि काढलेलं ॲव्हरेजही खोटं. त्या गाडीचा मीटर बसवल्यावर हिशोब जुळला. तोपर्यंत मी सगळ्यांना चौदाचं ॲव्हरेज सांगत सुटले होते. खरं साडेबारा आहे.

आणि तापणं. पत्र्याला जपणारी इथली हवा इंजिनाला मात्र जाळते. पहिला उन्हाळा, मे महिना, दुपारचे दोन, पारा बेचाळीसच्या पुढे. मोकळ्या रस्त्याला काटा मधोमध. तुळजापूरच्या अलीकडच्या चढाला एका भरलेल्या ट्रेलरच्या मागे दुसऱ्या गिअरवर रखडले आणि काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. एसी नव्हताच. हीटर चालू केला, कारण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटर. काचा खाली, पायावर गरम झोत, गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडून तासभर तशीच उभी राहिले. बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड उष्णतेनं सारखं फुगत नाहीत. तापलेल्या इंजिनात घाईनं गार पाणी ओतलं तर हेड वाकतं आणि गॅसकेट जातं. बाटली हातात होती, तरी ओतली नाही.

चाचांनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकायचा सल्ला दिला. मला तो पटला नाही. मोकळ्या रस्त्याला तापत नाही आणि रखडल्यावर तापते, याचा अर्थ पाणी फिरतंय, हवा फिरत नाही. शोधलं तेव्हा दिसलं की त्या टुरिस्ट गाडीचं फॅनभोवतीचं काउलिंग कधीतरी तुटून गेलेलं होतं. काउलिंग नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा खेचण्याऐवजी बाजूबाजूनं खेचतो. पुठ्ठ्याचा साचा कापून मी पत्र्याचं काम करणाऱ्याला दिला, त्यानं दीड दिवसात ते वाकवून, रिव्हेट मारून दिलं. त्याच वेळी रेडिएटर उघडून साफ केला. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं होतं, नळ्यांमध्ये क्षाराचा पांढरा थर होता. आता कूलंट, आणि डिस्टिल्ड वॉटर. पुढच्या उन्हाळ्यात त्याच चढाला चाचा बाजूला बसून काट्याकडे बघत होते. "नाही तापायली," म्हणाले. मग घरी येईपर्यंत खुशीत होते.

कागदांचं काम मी हे सगळं सुरू करण्याआधीच हाती घेतलं, आणि इथे कुणी चालढकल करू नये असं मला कळकळीनं वाटतं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ खाली इंजिन बदलण्याचा विषय येतो. मी आधी आरटीओत अर्ज केला. इंजिन मूळ कंपनीचंच, इंधन तेच, त्याचं बिल आणि त्या गाडीची कागदपत्रं जोडली. काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत आरसी जमा करून तपासणी, इंजिन नंबरचा पेन्सिल ठसा, मग आरसीवर नवा नंबर. त्यानंतर विमा कंपनीला लेखी कळवलं. त्यामुळेच २०१८ला आणि २०२३ला पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण विनाअडथळा झालं. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा आज करणाऱ्यानं आधी आरटीओत विचारावं, मगच इसार द्यावा. आरसीवर एक नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशा गाडीला उद्या अपघात झाला तर भोगणारं माणूस दुसरंच असतं.

अप्पांनी ती पहिल्यांदा चालवली तेव्हा होटगी रोडला गिअर बदलायला त्यांचा डावा हात स्टेअरिंगपाशी गेला आणि तिथेच थांबला. अठ्ठावीस वर्षांची सवय. मी काही बोलले नाही. त्यांनी हात खाली नेला, दांडा शोधला, तिसरा टाकला. आसरा चौकापर्यंत पाचवा पडला नव्हता तरी म्हणाले, "आवाज नाही गं अजिबात."

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तर पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कार्बोरेटरची किट दर वर्षी तपासते. एवढं सोडलं तर ऑइल, फिल्टर, टॅपेट, इतकंच.

तुमच्यापैकी बरेच जण शेवटी विचारता की आमच्या गाडीला पण बसेल का. इंजिनाची चौकशी नंतर करा. आधी एखाद्या रविवारी गाडी रॅम्पवर घ्या, खालची रबरी मॅटिंग आणि डांबर खरवडा, आणि जॅक लावायच्या चार जागा, दरवाजाखालची पट्टी, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात ते कोपरे, या सगळ्यांना पेचकसाचं टोक जोरात दाबून बघा. टोक आत गेलं तर थांबा. नाही गेलं, तर मला फोन करा, मी येते बघायला.