पँट वर, कोपर सरळ

जिम्नॅस्टिक्समध्ये बारला लोंबकळत असताना झोका घेऊन बारच्या वर येण्याला किप म्हणतात. तिला लागतात फार तर दोन सेकंद. ती यायला कुणाला तीन महिने लागतात, कुणाला वर्ष. आणि एवढं करून बघणाऱ्याला ती दिसतही नाही. अनइव्हन बार्सवरची, म्हणजे मुलींच्या कमी-जास्त उंचीच्या दोन बारवरची, बहुतेक रूटीन्स किपनंच सुरू होतात, पण तोवर प्रेक्षक खुर्चीत सावरून बसत असतात.

बारला लोंबकळायचं, पाय जुळवून पुढे झोका घ्यायचा, अंग पार लांब होऊ द्यायचं. झोका संपतो त्या टोकाला पाय सरळच ठेवून कमरेत घडी घालायची, घोटे बारपाशी आणायचे. मग अंग मागे येत असताना बार नडगीवरून, गुडघ्यांवरून, मांड्यांवरून थेट कमरेपर्यंत आणायचा आणि सरळ हातांवर बारच्या वर उभं राहायचं. हे सगळं मी पहिल्या वर्षी मुलींना रोज सांगायचे. त्या माना डोलवायच्या आणि बारला जाऊन ओल्या टॉवेलसारख्या लोंबायच्या.

मग मी खोटं बोलायला शिकले.

पहिलं खोटं पँटचं. पाठीवर झोपायचं, पाय वर, हातात काठी. काठी घोट्यांपाशी धरायची आणि पँट चढवल्यासारखी कमरेपर्यंत वर ओढायची. कोपर वाकवायचं नाही. मुलींना हे फार आवडतं, कारण सगळ्या हॉलमध्ये नसलेल्या पँटी चढवण्याची घाई सुरू होते. काठी गुडघ्याशी अडली की समजायचं, बाईसाहेबांचे गुडघे वाकलेत. मला ओरडावं लागत नाही, काठीच चुगली करते. हाच प्रकार नंतर रबर बांधून होतो. डोक्यावरून सरळ हातांनी रबर मांड्यांपर्यंत दाबत आणायचं. दहा वेळा केलं की खांद्यामागे, काखेच्या जरा खाली दुखतं. तिथे दुखलं तर बरोबर, दंड दुखले तर कोपरं वाकली. लहान मुलीला त्या स्नायूचं नाव ‘लॅटिसिमस’ सांगून काय कळणार? ‘कुठे दुखतंय, बोट लाव,’ एवढं पुरतं.

पण यात पँट चढतच नसते. बार जागचा हलत नाही, त्याला तारांनी आवळून ठेवलंय. वर जाते ती मुलगी. हे खरं सांगितलं, की ती खांदे वर फेकते, डोकं मागे टाकते, कोपरं वाकवून स्वतःला उचलायला बघते आणि अर्ध्यात अडकते. एक कोपर वर, एक खाली, उडता न येणाऱ्या कोंबडीसारखी. म्हणून बारच वर येतोय असं सांगायचं.

दुसरं खोटं ‘आता’चं. झोक्याच्या पुढच्या टोकाला अंग क्षणभर थबकतं. घडी घालायची ती तिथेच. मी खाली उभी राहून ‘पुढे, पुढे, आता!’ म्हणते. अगदी नेमक्या वेळी म्हटलं तर उशीर होतो. ऐकणं, समजणं आणि पाय उचलणं यांत झोका परतीला लागलेला असतो आणि पाय नुसते खाली तरंगत राहतात. म्हणून मी ‘आता’ थोडं आधीच म्हणते. वर्षभरानं एका मुलीनं मला पकडलं. ‘ताई, तुम्ही आता म्हणता तेव्हा आता नसतंच.’ तिची किप त्याच आठवड्यात आली. ती माझं ऐकायची थांबली होती.

तिसऱ्या वेळी मात्र मी पुरती फसले. बायकांचा बार चाळीस मिलिमीटर जाडीचा असतो, पुरुषांचा हॉरिझॉंटल बार फक्त अठ्ठावीस. म्हणजे छोट्या मुठींच्या वाट्याला जाड बार. लोंबताना मनगट बारच्या खाली असतं, शेवटी ते वर यायला हवं. ते वेळेत फिरलं नाही, तर मांड्यांपर्यंत आलेली मुलगी तिथूनच परत घसरते. हे मनगट फिरवणं समजावताना मी म्हटलं, स्कूटरला रेस देतो ना, तसं. कुणाचं मनगट फिरेना. पुन्हा पुन्हा रेस, पुन्हा पुन्हा घसरण. शेवटी एक चिमुरडी काल्पनिक हँडल धरून बराच वेळ हात फिरवत राहिली आणि म्हणाली, ‘ताई, रेस देताना मनगट खाली जातं. रेस बंद करताना वर येतं.’ मी हात फिरवून पाहिला. कितीतरी दिवस मी मुलींना उलटं शिकवत होते. आता आम्ही किपच्या शेवटी स्कूटर बंद करतो.

तसंही आमच्या खेळाला खोट्याचं वावडं नाही. हाताला लावतो त्याला आम्ही चॉक म्हणतो, पण ते मॅग्नेशियम कार्बोनेट. फळ्यावरच्या खडूशी त्याचा संबंध पांढऱ्या रंगापुरता. आणि १९७६ साली मॉन्ट्रियलला चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला याच अनइव्हन बार्सवर दहापैकी दहा मिळाले, तेव्हा फलकावर झळकलं १.००. दहा दाखवायची सोयच त्या फलकात नव्हती. आकडा चुकीचा होता, लोकांना कळायचं ते कळलं.

किप येते तो दिवस बहुधा साधा असतो. मुलगी दमलेली असते, तळहाताला फोड, मांड्यांवर बार घासल्याचे लाल पट्टे. मी दुसरीकडे बघत असते. मागून कुणीतरी किंचाळतं आणि वळून बघते तर ती वर, हात सरळ, चेहरा घाबरलेला, कारण इथून उतरायचं कसं ते तिला नीट ठाऊक नसतं.

परवा अशीच एक वर गेली. उतरल्यावर चॉकचे हात झटकत मला म्हणाली, ‘ताई, ते पँटचं चुकीचं आहे. पँट ओढायची नसतेच. टेबलावर दोन हात ठेवून उठतो ना, तसं बारला खाली दाबायचं.’ मला पटलं. शास्त्रानंही तेच बरोबर. हात बारला खाली दाबतात म्हणून अंग वर जातं. नव्या तुकडीला मी पहिल्या दिवसापासून टेबल सांगितलं. आठही जणी बारखाली लोंबत टेबल शोधत राहिल्या.

सोमवारी काठ्या परत काढल्या.