आईचं गांजाचं कार्ड आणि माझी धावपळ

आधीच सांगते, हा अनुभव २०१९ चा आहे. आता न्यू जर्सीत नियम खूप सैल झालेत, एप्रिल २०२२ पासून तर २१ वर्षांवरच्या कुणालाही दुकानात जाऊन गांजा घेता येतो, त्यामुळे फॉर्मचा भाग जुना समजा. ग्रीन कार्डचा भाग मात्र नीट वाचा.

आई साताऱ्याची, तेव्हा ६९ वर्षांची, एडिसनला माझ्याकडे राहते, २०१४ पासून ग्रीन कार्डवर. २०१८ च्या दिवाळीत कॅन्सर निघाला. केमो सुरू झाल्यावर मळमळ इतकी की फोडणीचा वास आला तरी बेसिनकडे धावायची, दोन महिने आमच्या घरात फोडणीच बंद होती. गोळ्या दोनदा बदलून झाल्या. शेवटी एका नर्सने हळूच विचारलं, मेडिकल मॅरुवानाचा विचार केलाय का? मी आईला "एक वनस्पती असते" अशी सुरुवात केली तर म्हणाली, "गांजा म्हण की सरळ. तुळशीत भांग उगवायची तेवढी राहिली होती आपल्याकडे, ती तू उगव."

औषधी गांजाचा कायदा इथे २०१० पासून आहे. गव्हर्नर कोर्झाईननी खुर्ची सोडायच्या आदल्या दिवशी सही केली, आणि नंतर आलेल्या ख्रिस क्रिस्टींना ही भानगडच नको होती, त्यामुळे पहिलं दुकान उघडायला २०१२ चा डिसेंबर उजाडला. २०१८ ला मर्फी गव्हर्नर झाल्यावर कार्डाची फी २०० डॉलरची १०० झाली, पासष्टीच्या पुढे फक्त २०. तरी आम्ही अर्ज केला तेव्हा अख्ख्या राज्यात दुकानं सहा. आमचं नशीब, त्यातलं एक शेजारी वुडब्रिजला.

खरी अडचण डॉक्टरची. आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी हात वर केले, त्यांनी राज्याकडे नाव नोंदवलेलंच नव्हतं. मुळात डॉक्टर इथे गांजा लिहून देऊच शकत नाही, कारण केंद्राच्या कायद्यात तो १९७० पासून हेरॉइनच्या शेजारी पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक बंदीत, बसलेला होता, डॉक्टर फक्त दाखला देतो की या बाईला राज्याच्या यादीतला आजार आहे. मग नोंदणीवाल्या दुसऱ्या डॉक्टरीण बाई शोधल्या, इन्शुरन्स एक पैसा देत नाही, सगळं खिशातून, पण त्यांनी तासभर बसून सगळे रिपोर्ट वाचले आणि रेफरन्स नंबर दिला.

तो टाकून ऑनलाइन अर्ज भरला तर रहिवासाच्या पुराव्यावर गाडी अडली. लाइट बिल माझ्या नावावर, फोन जावयाच्या नावावर, आईच्या नावावर काय तर देवळाच्या पावत्या! मग तिचा स्टेट आयडी काढायला मोटार व्हेइकलच्या ऑफिसात रांग, तिथे सहा पॉइंटची कागदपत्रं, त्यात पासपोर्टवर बाबांचं नाव मध्ये आणि बँकेत नाही. फोटो एकदा परत आला. मला केअरगिव्हर व्हायचं म्हणून माझे बोटांचे ठसे आणि पोलीस तपासणी, म्हणजे आईला औषध आणून द्यायला मी गुन्हेगार नाही हे आधी सिद्ध करायचं. मार्चमध्ये कार्ड आलं. आईचं पहिलं वाक्य, "फोटोत मी कैदी दिसतेय."

दुकानात दारावर गार्ड, मग कार्ड तपासणी, मग बसायची खोली, मग आतलं दार. बँका घाबरतात म्हणून रोख. एका औंसाला (साधारण २८ ग्रॅम) चारशे डॉलरच्या वर भाव आणि महिन्याला दोन औंसांची मर्यादा, आम्हाला तेवढं कधी लागलंच नाही. (जेक हॉनिग नावाच्या सात वर्षांच्या कॅन्सर झालेल्या मुलाला ते पुरत नव्हतं, तो गेल्यावर त्याच्या नावाने जुलै २०१९ मध्ये कायदा झाला आणि मर्यादा तीन औंस झाली.) आईने धूर ओढणं शक्यच नव्हतं आणि खायचे प्रकार तेव्हा नियमाने फक्त लहान पेशंटना, मग गांजाच्या चघळायच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी आईने मऊ भात मागितला, वर म्हणाली लसणाची फोडणी दे.

आणि एप्रिलमध्ये इमिग्रेशनवाल्यांनी खुलासा काढला की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजा वापरणाऱ्याचं नागरिकत्व 'चांगल्या चारित्र्या'च्या मुद्द्यावर अडू शकतं. आम्ही त्याच उन्हाळ्यात आईचा नागरिकत्वाचा अर्ज भरणार होतो! तिला अमेरिकेचा निळा पासपोर्ट हवा होता तो साताऱ्याला हवं तितकं राहता यावं म्हणून, ग्रीन कार्डवर देशाबाहेर सहा महिने झाले की जीव टांगणीला. वकीलबाई म्हणाल्या, खोटं तर बोलायचं नाहीच, तेव्हा अर्ज थांबवा, शेवटच्या गोळीपासून पाच वर्षं मोजा, आणि प्रवासात गांजाचं कार्ड चुकूनही पर्समध्ये नको. मला स्वतःचाच राग आला, एवढे कागद गोळा करताना हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. मी तर सिटिझन, माझं काहीच बिघडणार नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "आधी जेवू दे मला."

शेवटची गोळी सप्टेंबर २०१९. डिसेंबरात साताऱ्याला गेली, गांजाचं कार्ड इथे ड्रॉवरमध्ये, आणि दिवस मोजत पाच महिन्यांच्या आत परत यायचं असं ठरवून.

पाच वर्षं २०२४ ला भरली. आता नागरिकत्वाच्या परीक्षेचे सिव्हिक्सचे, म्हणजे नागरिकशास्त्राचे, प्रश्न पाठ चाललेत, मी विचारते, ती पोळ्या लाटत उत्तरं देते. परवा प्रश्न आला, राज्यांचा एक अधिकार सांगा.

"गांजाचं कार्ड देणं."

मी म्हटलं, आई, ड्रायव्हिंग लायसन्स म्हण.