गुण न लिहिलेला पेपर

शाळेच्या अमृत महोत्सव समितीचं पत्र आलं, त्याबरोबर एक तक्ता होता. शाळा सोडल्याचं वर्ष, सध्याचं पद, मिळालेले पुरस्कार. पदापर्यंत भरलं आणि पेन थांबलं. ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले, त्या आपल्या गणिताच्या सरांविषयी या तक्त्यात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. निवृत्त झाले तेव्हाही ते साधे शिक्षकच होते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. निळी शाई आणि करड्या रंगाचं जाकीट म्हटलं की माझ्या वेळच्या कुणालाही ओळख पटेल.

मी आठवीत असेपर्यंत दर वर्षी पहिली येत होते. ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या घरी देवघराशेजारी एक चौकट होती. थोरल्या दादाचं नाव बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये आलं, त्या वर्तमानपत्राचं कात्रण त्यात लावलं होतं. सकाळी देवाला हात जोडले की तेही दिसायचं. मला कुणी कधी रागावलं नाही, आई तर कधीच नाही. पण निकालाच्या दिवशी आजी दारात येऊन उभी राहायची. तिच्या हातातली पेढ्यांची वाटी बघून माझ्या पोटात खड्डा पडायचा. यंदा वाटी परत आत गेली तर मी या घरात कोण, असं खरंच वाटायचं.

छमाहीचे पेपर मिळाले त्या दिवशी सरांनी माझ्या पेपरवर गुणच लिहिले नव्हते. प्रत्येक गणिताला बरोबरची खूण होती, वरचा कोपरा मात्र कोरा. बाकी सगळ्यांचे आकडे होते. मला वाटलं, चुकून राहिले.

"सर, माझे मार्क?"

"माझ्या डायरीत आहेत."

"पण किती?"

"तूच बघ की. गणितं तुझीच आहेत."

चार दिवस मी त्यांच्या मागे होते. स्टाफरूमच्या दारात, पाण्याच्या टाकीपाशी. पाचव्या दिवशी रडू आलं, तेव्हा रागाने पेपर घेऊन बसले आणि एकेक गणित नव्याने सोडवलं. भागीदारीच्या गणिताशी अडखळले. एकाने ३०० रुपये १२ महिन्यांसाठी घातले, दुसऱ्याने ४५० रुपये ८ महिन्यांसाठी. मी नफा २:३ असा वाटला होता. महिने धरलेच नव्हते. धरले तर दोन्हीकडे ३६०० येतात, नफा निम्मा निम्मा. आणि त्या चुकीच्या उत्तरावर सरांची बरोबरची खूण होती.

सांगितलं असतं तर गुण जाणार. न सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पेपर सरांपुढे ठेवून म्हटलं, "हे चुकलंय." त्यांनी वाचलं, मान हलवली. खूण खोडली नाही, कोपऱ्यात काही लिहिलंही नाही. "आता सुटलं ना?" एवढंच विचारलं. त्यांनी ती खूण मुद्दाम केली होती की नजरचुकीने, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. वर्गाकडे परत येताना मात्र मला हलकं हलकं वाटत होतं. पहिली आल्यावर असं कधी वाटलं नव्हतं.

त्याच डिसेंबरात सर आम्हाला किल्ल्यावर घेऊन गेले. टेम्पोने किलागेट, मग गूजरी महालापासून पायी चढण. चतुर्भुज मंदिर वाटेतच लागतं, एका खडकातून कोरलेलं, इतकं लहान की लोक न बघताच वर मानमंदिर महालाकडे जातात. आतला शिलालेख विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६. देवासाठी दिलेल्या बागेचा त्यात उल्लेख आहे, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, शिवाय रोजच्या पूजेच्या ५० माळा. सरांनी तिथेच गुणाकार करायला लावला. ५०,४९० चौरस हात आले. हात दीड फुटाचा धरला तर अडीच एकरांहून थोडी मोठी बाग. मग त्यांनी २७० मधलं शून्य दाखवलं, शेजारच्या आकड्यांपेक्षाही लहान, एक इवलंसं वर्तुळ.

"सर, हे जगातलं पहिलं का?" अर्थात मीच विचारलं.

"पहिलं की कितवं, मला माहीत नाही. पण बरोबर जागी आहे."

पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की कंबोडियात शक ६०५, म्हणजे इसवी सन ६८३चा लेख आहे आणि त्यात शून्यासाठी टिंब आहे. आपल्या किल्ल्यावरचं पहिलं नाही तर. मला क्षणभर वाईट वाटलं आणि लगेच सरांचा आवाज ऐकू आला.

बँकेतली माझी नोकरी चांगली झाली, अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पण एका वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं, मी ज्याला काम शिकवलं त्याचं होतं. तीन आठवडे घास गोड लागला नाही. पंचेचाळिशीतली बाई, आणि पुन्हा आजीच्या दारातली मुलगी झाले होते. एका रात्री मुलाचं गणिताचं जुनं पुस्तक काढलं आणि स्वयंपाकघरात बसून भागीदारीची गणितं सोडवली. बघायला कुणी नव्हतं. उत्तर जुळलं की आत जे निवांत होतं, ते तसंच होतं, तेवढंच. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी एक गणित सोडवते. वह्या अकरा झाल्या आहेत. कुणाला दाखवलेल्या नाहीत.

मागच्या वर्षी शाळेपुढून गेले. दारावर टक्केवारीचा मोठा फ्लेक्स होता, मुलांचे फोटो, त्याखाली आकडे. हल्ली सगळ्याच शाळांच्या दारांवर असतो. त्या फोटोत नसलेली मुलं रोज त्याच दारातून आत जातात, याचं मला फार वाईट वाटलं. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीची शिट्टी ऐकू आली नाही, ती गाडीही आता नाही.

सरांना शेवटचं भेटले ते दौलतगंजात त्यांच्या घरी. ऐकू कमी येत होतं, तिळाची गजक मऊ करून खात होते. इतक्या वर्षांनी धीर करून विचारलं, "सर, आठवीच्या छमाहीत मला किती मार्क होते?"

"कोणती छमाही?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी पेपराची सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले, मग एकदम वळले.

"तू महिने धरले नव्हतेस."

"हो, सर."

"नंतर धरलेस ना?"

"धरले, सर."