"चालू आहे सर": आमची वाटचाल

आम्ही यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढून देतो. सुरुवातीला तिघेच होतो, एका खोलीत, पाठीला पाठ लावून बसायचो. कुणाचं काय अडलंय ते खुर्ची वळवली की कळायचं. माणसं अकरा झाली आणि त्यातले पाच जण नुकतेच पदवी घेऊन आलेले, तेव्हा गाडी अडखळायला लागली.

पहिला फटका चांगलाच लक्षात आहे. एका नव्या मुलाकडे फिक्स्चरचं, म्हणजे काम करताना भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचं, ड्रॉइंग दिलं होतं. रोज संध्याकाळी विचारलं की उत्तर ठरलेलं: "चालू आहे सर." चौथ्या दिवशी फाइल उघडून पाहिली तर अर्धं शीट कोरं. ग्राहकाच्या स्केचमध्ये दोन भोकांमधलं अंतरच लिहिलेलं नव्हतं आणि ते कुणाला विचारायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी अडला होता बिचारा. खोटंही बोलला नव्हता, रोज काहीतरी करत होताच. मी भरपूर चिडलो. पुढे लक्षात आलं की मी रोज "कसं चाललंय?" असं विचारत होतो, आणि त्याला "चालू आहे" याखेरीज काय उत्तर येणार? हल्ली मी "कुठे अडलंय?" असं विचारतो. अडलेलंच नसेल तर समोरचा गोंधळतो, पण चालतं.

मध्ये एक चूक केली. मुलांचं इंग्रजी कच्चं आहे असा समज करून घेऊन सहा आठवडे शिकवणी लावली. मुलं बोलायला लागली खरी. "वर्क इज इन प्रोग्रेस, सर." म्हणजे तेच, फक्त अस्खलित.

दुसरा फटका माझ्याच हातून बसला. अमेरिकेतल्या ग्राहकाने मुदत लिहिली होती ०४/०५. मी वाचलं ४ मे. त्यांच्याकडे महिना आधी लिहितात, त्यांना ५ एप्रिल म्हणायचं होतं. ६ एप्रिलला फोन आला तेव्हा आम्ही कामाला हातही लावला नव्हता. तेव्हापासून मेलमध्ये महिना अक्षरांत लिहायचा, आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हाच क्रम सांगतंय, आणि फाइली आपोआप तारखेने लागतात हा वरचा फायदा.

नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगतो. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. एका विमानातून संदेश गेला, त्याचा अर्थ "आम्ही उड्डाण करतोय" असाही होत होता आणि "उड्डाणाच्या जागी उभे आहोत" असाही. नियंत्रकाने दुसरा अर्थ घेऊन "ओके" म्हटलं. धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं आणखीही होती, पण त्यानंतर उड्डाणाची परवानगी देताना (किंवा ती रद्द करताना) सोडून "टेकऑफ" हा शब्द वापरायचा नाही असं ठरलं, आणि मिळालेली सूचना नुसत्या "ओके"वर न भागवता पूर्ण उच्चारून परत सांगण्यावर भर आला.

आमच्याकडे कुणाचा जीव जात नाही, पण पद्धत तीच उचलली. ग्राहकाबरोबर मीटिंग झाली की आम्हाला काय समजलं, कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे तासाभरात मेलवर जातं. ते लिहिण्याचं काम सगळ्यांत नव्या माणसाचं. जुने लोक मधल्या गाळलेल्या जागा अंदाजाने भरून मोकळे होतात. नव्याला अंदाजच बांधता येत नाही, म्हणून तो विचारतो.

विषयाच्या ओळीवर मात्र मी अजूनही हट्टी आहे. एका मुलीचा पहिला मेल होता, विषय "ड्रॉइंग". आत सात ओळी: आशा आहे आपण कुशल असाल, मी अमुक विभागात नवीन, आपला बहुमूल्य वेळ घेत आहे वगैरे. प्रश्न आठव्या ओळीत. दोघांनी बसून तो उलटा केला. विषय: "ब्रॅकेट ३: दोन मापं हवीत, गुरुवार १२ जूनपर्यंत". पहिल्या ओळीत मापं कोणती, दुसरीत ती न मिळाल्यास काम किती दिवस लांबेल. खाली नाव. "सर, हे उद्धट नाही वाटणार?" असं तिने विचारलं. उत्तर चाळीस मिनिटांत आलं.

सीसीचं प्रकरण थोडक्यात. टाइपरायटरच्या काळात कार्बन लावून काढलेली प्रत, एवढाच त्याचा मूळ अर्थ. भांडण झालं की साहेबांना सीसीत घालायचं ही खोड मुलं कुठून शिकून येतात, देव जाणे.

फोनचं मात्र अजून जमलेलं नाही. उत्तम मेल लिहिणारी मुलं ग्राहकाचा नंबर दिसला की रिंग वाजू देतात आणि मग "सॉरी, मिस झाला, मेल करता का?" असा मेसेज टाकतात. काय बोलायचं ते तीन ओळींत लिहून मगच नंबर फिरवा, हा उपाय सध्या चालू आहे. एक मुलगा तो कागद घेऊन जिन्यात जातो, दार लावून घेतो आणि मगच फोन लावतो. बोलून झालं की कागद माझ्या टेबलावर ठेवतो, उत्तरं लिहून.