प्रॉमिस नको, फंक्शन द्या

टीममध्ये नवीन कोणी आलं की त्यांनी लिहिलेली जावास्क्रिप्टची असिंक हेल्पर फंक्शन्स (निकाल नंतर देणारी कामं सांभाळणारे छोटे तुकडे) मी आधी वाचते. बघायचं एवढंच असतं की हेल्परला आत काय दिलंय: आधीच सुरू झालेल्या कामाचं प्रॉमिस ('निकाल नंतर देईन' असं वचन), की अजून न चालवलेलं फंक्शन? जावास्क्रिप्टमधल्या बऱ्याचशा असिंक भानगडी इथेच ठरतात, असं माझं ठाम मत आहे.

प्रॉमिस स्वतः काहीच काम करत नाही. गिरणीत दळण टाकल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीसारखं ते असतं. चिठ्ठी फाडली म्हणून गिरणी थांबत नाही. फेच (सर्व्हरकडून डेटा मागवणारं फंक्शन) कॉल केलं की काम सुरू झालं. त्यानंतर ते प्रॉमिस कुठल्याही हेल्परच्या हवाली करा, त्याला फक्त वाट बघता येते.

आमच्याकडचं नेहमीचं उदाहरण घ्या. महिनाअखेरीला ग्राहकांची बिलं पीडीएफ करून मेलने पाठवायची असतात. पीडीएफ बनवायला हेडलेस क्रोम (खिडकी न दाखवता चालणारा ब्राउझर), प्रत्येक बिलाला एक टॅब. पहिल्यांदा हा कोड लिहिणारा हमखास बिलांच्या अ‍ॅरेवर (यादीवर) मॅप लावतो, म्हणजे प्रत्येक बिलावर एक फंक्शन चालवतो, आत असिंक फंक्शन देतो आणि बाहेर प्रॉमिस.ऑल (सगळी प्रॉमिसं पूर्ण होण्याची वाट बघणारं) गुंडाळतो. दहा बिलांवर छान चालतं. शेकडो बिलं आली की तेवढे टॅब एकदम उघडायला लागतात आणि सर्व्हरची मेमरी संपते. मग प्रश्न येतो, "ताई, प्रॉमिस.ऑलला लिमिट लावता येत नाही का?" नाही येत. प्रॉमिस.ऑलपर्यंत पोचायच्या आत मॅपने सगळी कामं सुरू करून टाकलेली असतात. 2015 चं ऑल घ्या, 2020 चं ऑलसेटल्ड घ्या की 2021 चं एनी, ही तिन्ही निकाल गोळा करतात. काम कधी सुरू करायचं हे त्यांच्या हातात नसतं. (फॉरईचमध्ये, म्हणजे यादीवर नुसतं फिरणाऱ्या मेथडमध्ये, असिंक फंक्शन देणाऱ्यांना तर वाटसुद्धा बघता येत नाही, कारण फॉरईच परत आलेलं प्रॉमिस सरळ टाकून देतं.)

लिमिटचा हेल्पर मी प्रत्येकाला एकदा तरी हाताने लिहायला लावते. वीसेक ओळींचं काम आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: अ‍ॅरे, एका वेळी किती, आणि प्रत्येक घटकावर चालवायचं फंक्शन. आत 'पुढचा नंबर' नावाचं एक व्हेरिएबल, शून्यापासून सुरू. लिमिट पाचाचं असेल तर मग पाच कामगार सोडायचे, म्हणजे एकच असिंक फंक्शन पाचदा कॉल करायचं. प्रत्येक कामगार लूपमध्ये पुढचा नंबर उचलतो, तो एकने वाढवतो, त्या बिलाच्या कामावर अवेट करतो (ते संपेपर्यंत थांबतो), निकाल त्याच नंबरच्या जागी ठेवतो आणि परत नंबर उचलायला येतो. प्रॉमिस.ऑल लावायचं ते या पाच कामगारांवर, बिलांवर नाही. जावा शिकून आलेली मुलं इथे विचारतात, दोघांनी एकच नंबर उचलला तर? लॉक नको का? नको. नंबर वाचणं आणि वाढवणं यांच्यामध्ये अवेट नाही, आणि जावास्क्रिप्टचा एक तुकडा चालू असताना दुसरा मध्ये घुसत नाही. हे कळतं तेव्हा समोरच्याचा चेहरा खुलतो, आणि मला त्या क्षणाचं फार अप्रूप आहे.

यातली मेख पुढे आहे. एक बिल फेल झालं तर बाहेरचं प्रॉमिस.ऑल तिथेच रिजेक्ट होतं (अपयशी ठरतं), पण बाकीचे चार कामगार नंबर उचलतच राहतात. म्हणून एकतर प्रत्येक कामाचा एरर कामगारानेच पकडून निकालात नोंदवायचा, किंवा 'आता थांबा' असा एक फ्लॅग ठेवून लूपमध्ये दर वेळी तो तपासायचा. बिलांसाठी मी पहिलंच वापरते. एका ग्राहकाचा पत्ता चुकला म्हणून बाकीच्यांची बिलं अडायला नकोत.

रिट्रायचंही (फसलेलं काम पुन्हा करून बघण्याचंही) तेच. प्रॉमिस एकदा रिजेक्ट झालं की झालं; ते पुन्हा चालवता येत नाही, फंक्शन येतं. प्रत्येक प्रयत्नाआधीची थांबायची वेळ दुप्पट करत जायची, त्यात थोडा रँडम वेळ मिसळायचा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी पुन्हा सर्व्हरवर आदळतात. 503 (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) आला तर परत प्रयत्न करा, 404 (मागितलेलं सापडलं नाही) आला तर कशाला? आणि ट्राय-कॅचमधल्या (एरर पकडणाऱ्या रचनेतल्या) ट्रायच्या आत रिटर्न करताना अवेट विसरलात, तर एरर तुमच्या कॅचला हुलकावणी देऊन थेट बाहेर जातो. रिट्राय एकदाही होत नाही, आणि कोड दिसायला अगदी बरोबर दिसतो. रिव्ह्यूमध्ये मी ही ओळ बोट ठेवून वाचते.

टाइमआउटसाठी (ठरावीक वेळेत काम झालं नाही तर सोडून देण्यासाठी) इंटरनेटवर सगळीकडे प्रॉमिस.रेस (जे आधी संपेल त्याचा निकाल घेणारं) सापडतं. रेसमध्ये हरलेलं काम थांबत नाही, फक्त त्याच्याकडे कोणी बघत नाही. शिवाय काम वेळेत झालं तरी टायमर मागे राहतो, आणि तो क्लिअर केला नाही तर नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) प्रोसेस तेवढा वेळ उगाच जिवंत राहते. खरं थांबवायचं असेल तर हेल्परने फंक्शन घ्यावं, त्याला अबॉर्टसिग्नल ('थांब' हा निरोप पोचवणारी वस्तू) द्यावा आणि त्या फंक्शनने तो फेचला पोचवावा. नुसत्या एका फेचला टाइमआउट लावायचा असेल तर अबॉर्टसिग्नल.टाइमआउट तयारच आहे.

प्रॉमिस येण्याआधी, कॉलबॅकच्या (काम झाल्यावर बोलवायच्या फंक्शनच्या) काळात हा गोंधळ कमी होता. तेव्हाच्या 'असिंक' नावाच्या लायब्ररीतल्या मॅपलिमिटला फंक्शनच द्यावं लागायचं, द्यायला दुसरं काही नव्हतंच. आजच्या पी-लिमिट लायब्ररीलाही फंक्शनच लागतं. प्रॉडक्शनमध्ये तीच वापरा, माझी हरकत नाही; फक्त लिमिटच्या कंसात कॉल करून टाकू नका, बाणाचं फंक्शन (=> वालं) लिहून द्या.

लिमिट खरंच पाळलं जातंय का हे तपासायला माझी टेस्ट साधी आहे. कामात शिरताना एक आकडा वाढवायचा, बाहेर पडताना फायनलीमध्ये (काम फसलं तरी चालणाऱ्या भागात) कमी करायचा, आणि मधे तो जास्तीत जास्त कितीवर गेला ते ठेवायचं. पाचाचं लिमिट असताना तिथे सहा दिसले, तर कोणीतरी कुठेतरी फंक्शनऐवजी प्रॉमिस दिलंय का ते आधी शोधा.