पी. के.च का? तुम्ही विचारलंत म्हणून

संभाजीनगरच्या आमखास मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवताना पी. के. बॅनर्जींचं नाव निघालं की कुणी ना कुणी पालक विचारतोच, "सर, गार्डिओला, झिदानसारखे कोच सोडून हा रेल्वेतला माणूस कुठून काढलात?"

'रेल्वेतला' हे खरंच. राईट विंगला खेळणारे पी. के. ईस्टर्न रेल्वेचे, आणि १९५८ला त्या टीमने कलकत्ता लीग मारली. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ते कॅप्टन होते, फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली तो गोल त्यांचाच. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण मिळालं, तिथंही एक गोल त्यांचा. त्यांचे गुरू हैदराबादचे रहीमसाहेब. आपला मराठवाडाही १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे मी काही फार परका माणूस काढलेला नाही.

पण मला भुरळ घातली ती पुढच्या पी. के.ने. मोहन बागान की ईस्ट बंगाल, या दोन क्लबांवरून कोलकात्यात घरातल्या घरात फाटतं. १९७५ला आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यांच्या ईस्ट बंगालने बागानला ५-० धुतलं. अन् लगेच पुढच्या वर्षी हेच कोच बागानमध्ये! १९७७ला ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला २-२ रोखलं ते याच बागानने. आपल्याकडे पुढाऱ्यांनी पक्ष बदलला तर चौकात काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पी. के. मात्र दोन्हीकडच्यांना आपलेच वाटले. खेळाडू म्हणून दोघांपैकी कुणाचीच जर्सी अंगावर चढवली नव्हती, हे त्यामागचं मोठं कारण असावं असं मला वाटतं.

दुसरं कारण त्यांची जीभ. मॅचआधी ते पोरांना जे बोलत, त्याला लोक 'वोकल टॉनिक' म्हणत. १९९७च्या फेडरेशन कप सेमीफायनलआधी बागानचे कोच अमल दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची खिल्ली उडवली. तेव्हा पुन्हा ईस्ट बंगालचे कोच असलेल्या पी. के.ने ती पोरांच्या डोक्यात नीट मुरवली. सॉल्ट लेक स्टेडियमवर लाखाच्या वर माणूस, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल ४-१ जिंकलं.

हे टॉनिक मीही देऊन बघतो. हाफटाइमला पोरं पाण्याच्या जारभोवती बसली होती. आमच्या लेफ्ट बॅकला बाजूला घेऊन म्हटलं, "तो विंगर म्हणायला, तुमच्यात लेफ्ट बॅक हायच कुठं?" लेकरू काहीच बोललं नाही, बुटाची लेस सोडून पुन्हा घट्ट बांधली. नंतर त्या विंगरला एक क्रॉस टाकू दिला नाही. (विंगर बिचारा तसं काही म्हणालाच नव्हता.)

नुसत्या बोलण्यावर मॅच निघत नाही, हे मान्य. पण १९७०ला बँकॉकच्या एशियाडमध्ये भारताला ब्राँझ मिळालं, तेव्हा जी. एम. एच. बाशा यांच्या जोडीने कोच पी. के. होते. फुटबॉलमधलं एशियाडचं मेडल त्यानंतर आपल्याला मिळालेलं नाही. गार्डिओला पोरं मोबाईलवर बघतातच, त्यासाठी माझी गरज नाही.